जाळी किती खाली बांधायची?

बांधकामावर मजल्यांच्या कडेला नायलॉनची जाळी लावतात. ती पडणाऱ्याला एकदम अडवत नाही; झोळ देत, थोडी खाली जात थांबवते. सहा मीटर पडून आलेला माणूस दीड मीटरच्या झोळात थांबला, तर त्याच्या अंगावर सरासरी त्याच्या वजनाच्या पाचपट जोर येतो. फरशीवर तोच काही सेंटीमीटरांत थांबतो आणि हाडं मोडतात. म्हणून जाळीखाली जागा मोकळी हवी, आणि मुख्य म्हणजे जाळी जवळ हवी. पडणं जितकं लांबेल, तितका वेग वाढतो.

बार्शी तालुक्यात वैरागच्या आसपासच्या कोरडवाहू गावांत पाऊस दगा देतो, तेव्हा घरही असंच खाली येत जातं. आधी शेळ्यांना बाजार दाखवतात. मग कानातलं गहाण पडतं. मग बैलजोडी जाते, आणि ती गेली की पुढच्या साली पाऊस होऊनही वापसा आल्यावर दुसऱ्याच्या औताची वाट बघत बसावं लागतं. मदत पोचायची ती बैल जायच्या आधी.

अशीच जाळी म्हणून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर आली. तिचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. पैशासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच भर सरकारनं घालायचं ठरलं. मुंबईच्या कचेरीतल्या पगारातून कापलेली रक्कम दुष्काळी माळावर नालाबांध घालणाऱ्या बाईची मजुरी झाली. ही बांधणी मला फार मोलाची वाटते.

पुढे 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानं जाळीचं अंतरच ठरवून दिलं: मागितल्यापासून 15 दिवसांत काम, शक्यतो गावापासून 5 किलोमीटरच्या आत, नाहीतर बेकारी भत्ता, पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथाई, नंतर निदान निम्मा. पण हे दिवस मोजायचे कुठून? ग्रामपंचायतीत काम मागणीचा अर्ज, म्हणजे नमुना 4, भरून दिला की तारखेची पोच मिळते, तिथून. ‘भाऊसाहेब, काम काढा की’ एवढं नुसतं तोंडी सांगून घरी आलेल्या मजुराला पंधरा दिवस उलटल्याचं दाखवता येत नाही. पोच मागून घ्यावी, मिळेपर्यंत उठू नये.

मजुरीही हजेरीपत्रक बंद झाल्यापासून 15 दिवसांत द्यायची होती. उशीर झाला तर 16 व्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई, म्हणजे दोन हजारांच्या मजुरीवर दिवसाला एक रुपया. तेवढ्यात बैलांची एका वेळची वैरणही होत नाही.