युरियाच्या गोणीचा हिशेब

माळव्यात गव्हाला युरिया टाकून पाणी दिलं, की थोडा नायट्रोजन नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. तो मोजायला शेतात बंद डबा ठेवतात. अर्ध्या तासात तीन-चारदा सिरिंजने आतली हवा काढून प्रयोगशाळेत तपासतात. एकदा मोजून भागत नाही. पाण्यानंतर काही दिवस वायू उसळतो, मग ओसरतो. एका दिवसाच्या शिलकेवरून खातं कसं ओळखणार?

मोजमाप नसेल तिथे आयपीसीसीचा ठोकळ दर लावतात: टाकलेल्या नायट्रोजनचा १ टक्का. ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन २०.७ किलो, त्यातून वायू साधारण ३२५ ग्रॅम. पण तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा, म्हणजे खात्यावर सुमारे ८९ किलो! आणि हा दर आपल्या काळ्या मातीला नि रेताड जमिनीला सारखाच. म्हणून डबा लावावाच लागतो.