छोट्या कॉम्प्रेसरला झेपेल असा सँडब्लास्टर

सँडब्लास्टर कोणता घ्यावा हे कॉम्प्रेसर मिनिटाला किती हवा देतो यावर ठरतं. पाचोडसारख्या गावात, महामार्गालगतच्या वर्कशॉपमध्ये किंवा शेतातल्या शेडमध्ये, हाताशी असतो तो बहुधा 1 किंवा 2 एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर. टायरमध्ये हवा भरायला, एअर फिल्टर झाडायला, स्प्रे गनने रंग मारायला तो पुरतो. मोसंबीच्या बागेतल्या ब्लोअरचा गंजलेला सांगाडा किंवा जुन्या मोटरसायकलची चेसिस त्याच्यावर साफ करायला घेतली की मात्र मिनिटाभरात दम तुटतो. दोष मशीनला दिला जातो, पण चूक बहुतेक वेळा निवडीत झालेली असते.

सगळ्यात पक्का गैरसमज दाबाचा. घड्याळाचा काटा 8 बारवर, म्हणजे सुमारे 115 पीएसआयवर आहे, तेव्हा ब्लास्टिंग होणारच, असं धरलं जातं. हा काटा गन बंद असतानाचा दाब दाखवतो. ट्रिगर दाबल्यावर नोझलमधून जेवढी हवा जाते तेवढी मागून आली नाही, तर दाब उतरतो आणि कण पत्र्यावर नुसते सांडतात. कणाला वेग देते ती वाहती हवा. म्हणून पाहायचा आकडा सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. 1 सीएफएम म्हणजे साधारण 28 लिटर.

हा आकडाही नीट वाचावा लागतो. कॉम्प्रेसरच्या पाटीवर पुष्कळदा पिस्टन डिस्प्लेसमेंट छापलेलं असतं, म्हणजे पिस्टन एका मिनिटात जेवढी जागा झाडतो ते माप. प्रत्यक्षात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी भरते. सिंगल स्टेज मशीनमध्ये पाव ते एकतृतीयांश घट सहज येते. 2 एचपीच्या मशीनवर 8 सीएफएम लिहिलं असेल तर हातात साधारण 6 येतात, म्हणजे मिनिटाला 170 लिटर. 1 एचपीकडून 3 सीएफएमच्या आसपास धरावेत. दुकानात एफएडी विचारावी. ती सांगता येत नसेल, तर छापील आकड्याचा दोनतृतीयांश धरून चालणं शहाणपणाचं.

आता नोझल. 5 बारला 3 मिमी भोकातून मिनिटाला सुमारे 500 लिटर हवा जाते, म्हणजे जवळजवळ 18 सीएफएम. भोक 2 मिमी केलं तर 220 लिटर, म्हणजे 8 सीएफएम; दीड मिमीला साडेचार. व्यास दुप्पट झाला की हवा चौपट लागते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही इथे मोठा. हवेच्या हिशोबाने 2 एचपीला दीड मिमी अखंड झेपतं, 2 मिमी थोडी उसंत देऊन चालतं, आणि 3 मिमी त्याच्या आवाक्यातलं नाही.

मोठी टाकी घेतली की प्रश्न सुटतो, हा दुसरा समज. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. 100 लिटरची टाकी 8 बारवरून 5 बारवर येईपर्यंत बाहेरच्या दाबाची सुमारे 300 लिटर हवा सोडते. 3 मिमी नोझल मिनिटाला 500 लिटर ओढतं, कॉम्प्रेसर 170 भरतो. तूट 330 लिटरची. म्हणजे मिनिट व्हायच्या आतच काम थांबतं आणि टाकी परत भरायला पावणेदोन मिनिटं लागतात. 200 लिटरची टाकी लावली तर काम दुप्पट वेळ चालेल, थांबणंही दुप्पट होईल. त्याच 100 लिटरच्या टाकीवर 2 मिमी नोझल मात्र सलग पाच-सहा मिनिटं चालतं. शिवाय छोटे कॉम्प्रेसर अखंड चालण्यासाठी बनवलेले नसतात. तासाचा निम्मा वेळ तरी थंड व्हायला मिळाला नाही, तर हेड तापतं आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्या जातात. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना हा ताण आणखी वाढतो.

गन आणि पॉट या दोन प्रकारांबाबतही घोटाळा आहे. सक्शन गनमध्ये हवेच्या झोताने नळीतून कण वर ओढले जातात. तिच्या तोंडाचं सिरॅमिक नोझल 5-6 मिमीचं दिसतं, पण हवा किती लागणार हे आतला जेट ठरवतो आणि तो त्याच्या साधारण निम्म्या व्यासाचा असतो. तेव्हा गन घेताना जेटचं माप विचारावं. पॉटमध्ये कण आणि हवा दोन्ही दाबाखाली एकाच होजमधून येतात. तिथे नोझलचं भोक हेच माप. छोट्या कॉम्प्रेसरला गनच बरी आणि पॉट कारखान्यांसाठी, असं मानलं जातं, पण तेवढ्याच हवेत पॉट तीन-चार पट जास्त काम करतो. हवा तुटपुंजी आहे तिथे तर 2 मिमी नोझलचा लहान पॉटच जास्त उपयोगी. त्याला कण बारीक हवेत, 80 मेशच्या आसपासचे. जाड कण अडकतात. नट-बोल्ट, कार्ब्युरेटरचे भाग, गंजाचे ठिपके एवढंच काम असेल तर वर डबा असलेली ग्रॅव्हिटी गन पुरेशी आहे.

पॉट स्वस्तात पडावा म्हणून जुना गॅस सिलिंडर कापून, त्याला सॉकेट वेल्ड करून घेण्याची कल्पना ठिकठिकाणी निघते. ती सोडून द्यावी. आत उरलेल्या गॅसने कापतानाच स्फोट होऊ शकतो, आणि नव्याने मारलेल्या वेल्डची दाबाची चाचणी कोणीच घेतलेली नसते. शिवाय घरगुती सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो.

होजकडे फारसं कोणी पाहत नाही. 8 मिमीचा निळा पीयू पाइप बाहेरून 8 असतो, आतून 5. त्याच्या 10 मीटर लांबीत 2 मिमी नोझलच्या हवेला दोन-अडीच बार दाब खर्ची पडतो. अर्धा इंची रबरी होजमध्ये ही घट नगण्य आहे. नोझल झिजतंही. 2 मिमीचं अडीच मिमी झालं की हवा दीडपटीहून जास्त लागते आणि कॉम्प्रेसरच खराब झाल्यासारखं वाटतं. अडीच मिमी ड्रिल बिटचा दांडा भोकात सहज जायला लागला की नोझल बदलावं. सिरॅमिक नोझल थोड्याच तासांत या अवस्थेला येतं, बोरॉन कार्बाइडचं कितीतरी जास्त टिकतं.

पावसाळ्यात हवेतलं पाणी आडवं येतं. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम बाष्प असतं. 8 बारला दाबून हवा थंड झाली की त्यातलं वीसेक ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतं. तासभर सलग चाललेला 2 एचपी कॉम्प्रेसर असं जवळजवळ 200 ग्रॅम पाणी काढू शकतो. ते पॉटमध्ये उतरलं की कणांचा लगदा होतो. टाकीचा ड्रेन रोज उघडावा. वॉटर सेपरेटर टाकीला चिकटून न लावता काही मीटर पाइपनंतर लावावा, म्हणजे हवा आधी थंड होते.

उरला सर्वांत घातक समज: नावातच सँड आहे, तर गोदावरीची वाळू चाळून, वाळवून वापरायला काय हरकत? नदीच्या वाळूतली सिलिका आघाताने फुटून डोळ्यांना न दिसणारी धूळ होते आणि फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये होता. तुर्कस्तानात जीन्सचं कापड वाळूच्या झोताने फिकट करणाऱ्या तरुण कामगारांना हा आजार झाल्यावर 2009 मध्ये ती पद्धत बंद करण्यात आली. तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही. वाळूऐवजी गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्यावं, नाजूक भागांना काचेचे मणी. बंद कॅबिनेटमध्ये काम केल्यास धूळ कोंडली जाते आणि कण परत वापरता येतात, म्हणून महाग गार्नेटही परवडतं. उघड्यावर काम असेल तर नीट बसणारा, फिल्टरचा मास्क हवाच, कारण जुन्या रंगात शिसंही असू शकतं. तेलाच्या साध्या कॉम्प्रेसरची हवा हेल्मेटमध्ये श्वासासाठी कधीही घेऊ नये.

पत्रा पातळ असेल, उदाहरणार्थ पेट्रोलची टाकी किंवा मडगार्ड, तर दाब तीन बारच्या आत ठेवून झोत तिरका धरावा. एकाच जागी धरल्यास पत्रा फुगतो. ट्रॅक्टर ट्रॉलीसारखं मोठं काम 2 एचपीवर दिवसेंदिवस घासत बसण्यापेक्षा मोठा स्क्रू कॉम्प्रेसर असलेल्या वर्कशॉपमध्ये नेणं स्वस्त पडतं. घरी साफ केलेल्या उघड्या लोखंडाला हात न लावता त्याच दिवशी प्रायमर मारावा. पावसाळी हवेत त्याच्यावर काही तासांतच तांबूस गंज चढतो.