महाविद्यालयीन मुलांची उन्हाळ्यातील उमेदवारी

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांची मुले व मुली तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी वाणिज्य व व्यवस्थापन हे विषय घेऊन शिकत आहेत. उन्हाळ्यात परीक्षा आटोपल्या म्हणजे त्यांस काही आठवडे सवड मिळते. ही सवड एखाद्या पेढीत, संस्थेत किंवा कारखान्यात उमेदवारी करण्यात, म्हणजे हल्ली जिला इंटर्नशिप म्हणतात तीत, घालवावी की काय, असा प्रश्न घरोघर निघतो. त्याचा विचार शेतकऱ्याच्या दृष्टीने करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

उमेदवारी ही नोकरी नव्हे. पुस्तकात वाचलेला व्यवहार जाणत्या माणसाच्या हाताखाली प्रत्यक्ष करून पाहणे, एवढाच तिचा अर्थ. सन १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमामधील उन्हाळा विद्यार्थ्याने एखाद्या उद्योगात काम करून घालवावयाचा असतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी खेड्यांत जाऊन कार्यानुभव घेतात, हे आपण पाहतोच. वाणिज्य शिकणाऱ्या आपल्या मुलांनी मात्र बाजाराचा व्यवहार न पाहताच पदवी घ्यावी, हे योग्य नव्हे.

याची आपणांस गरज का, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चाळीत ४० क्विंटल उन्हाळ कांदा आहे व आज भाव क्विंटलास १,५०० रुपये आहे. आज विकल्यास ६०,००० रुपये येतात. भाव चढेल या आशेने माल ठेवला आणि सड व घट मिळून पाचवा हिस्सा गेला, तर ३२ क्विंटल उरतो. तेव्हा आजचेच ६०,००० रुपये हाती येण्यास भाव १,८७५ रुपये झाला पाहिजे. कर्जाचे व्याज व निवडण्याची मजुरी आणखी निराळी. हा हिशेब मांडून मगच माल ठेवावा की विकावा हे ठरविणे, यासच व्यवस्थापन म्हणतात. आपल्याकडे सातबारा वाचणारे घरोघर आहेत. परंतु ज्या संस्थेचे आपण भागधारक आहोत, तिचा ताळेबंद वार्षिक सभेत वाचून प्रश्न विचारणारे थोडे. ही उणीव पुढच्या पिढीने भरून काढावयाची आहे.

आता उमेदवारी कोठे करावी, ते पाहू. उन्हाळ्यात पुढील ठिकाणी शिकण्याजोगे काम असते.

१. विविध कार्यकारी सेवा सोसायटी. मार्चअखेर वर्ष संपते व त्यापुढे खरीप पीककर्जाची वाटणी सुरू होते. रोजकीर्द, खतावणी, थकबाकीची यादी व ताळेबंद ही सर्व याच सुमारास पाहावयास मिळतात.

२. बाजार समितीचे आवार व अडतीची पेढी. लिलाव, वजन, हमाली, तोलाई व शेवटी हाती येणारी पट्टी यांचा मेळ येथे कळतो. सन २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची व्यवस्था केली. पट्टीत कोणती कपात न्याय्य व कोणती नाही, हे ओळखण्याची दृष्टी येथेच येते.

३. सहकारी साखर कारखाना. गाळप बंद असले तरी उसाची नोंद, यंत्रांची दुरुस्ती आणि तोडणी-वाहतुकीचे करार ही कामे उन्हाळ्यातच चालतात.

४. शेतकरी उत्पादक कंपनी. सन २००२ च्या कायदादुरुस्तीने अशा कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. बियाणे व खते यांची एकत्र खरेदी आणि मालाची प्रतवारी येथे शिकता येते.

जागा मिळविण्याकरिता जानेवारी-फेब्रुवारीतच प्राचार्यांच्या शिफारशीसह अर्ज करावा. कामाच्या तारखा, नेमके काम, देखरेख करणाऱ्याचे नाव, मिळावयाचा भत्ता व अखेरचा दाखला, ही पाच कलमे आधी लेखी करून घ्यावी. रोख रकमेची जबाबदारी उमेदवाराने घेऊ नये. दररोज रोजनिशी लिहावी. ज्या ठिकाणी चहा आणणे व कागद नकलणे याखेरीज दुसरे काम नाही, ते लौकर सोडावे. नुसत्या दाखल्याने ज्ञान येत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत जागा मिळाल्यास खोलीभाडे, खाणावळ व प्रवास यांची बेरीज भत्त्याशी ताडून पाहावी. शिकण्यासारखे काम जवळच मिळत असेल, तर केवळ नावासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल. उन्हाळ्यातच नांगरट, खत पसरणे व पेरणीची तयारी असते. घरचे दोन हात बाहेर कसे पाठवावे? आक्षेप खरा आहे, व ज्या घरी दुसरा कर्ता माणूस नाही तेथे हट्ट धरू नये. तथापि तेथेही सकाळचे काही तास गावच्या सोसायटीत देता येतात. इतरांनी मात्र सहा आठवड्यांच्या मजुरीचा खर्च हा मुलाच्या शिक्षणाचाच एक भाग समजावा. मूल परत आल्यावर त्याजकडून घरच्या शेतीचा वर्षाचा जमाखर्च मांडून घ्यावा. तो बिनचूक निघाला, तर उन्हाळा सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.