फिलर घेण्याआधी

डर्मल फिलरची एक सिरिंज साधारण एक मिलीलिटरची असते. चहाच्या चमच्यात पाच मिलीलिटर मावतं, त्याचा हा पाचवा हिस्सा. पारदर्शक, दाटसर जेल. एवढ्याशा जेलसाठी लोक हजारो रुपये मोजतात. पण ती चेहऱ्यात नेमकी कुठे जाते, तिथे काय करते आणि नकोशी झाली तर काढायची कशी, हे त्यांतल्या अनेकांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं. ते सांगायलाच हवं, कारण फिलर हा वैद्यकीय उपचार आहे. फेशियल आणि ब्लीचच्या दरपत्रकात त्याला जागा असता कामा नये.

फिलर आणि बोटॉक्स यांची गल्लत नेहमी होते. बोटॉक्स स्नायूंना सैल करतं, म्हणून ते कपाळावरच्या आठ्यांसाठी वापरतात. फिलर स्नायूला हात लावत नाही; रिकामी झालेली जागा भरून काढणं एवढंच त्याचं काम.

ही जागा रिकामी का होते? वय कातडीवर दिसत असलं तरी बरीचशी उलथापालथ तिच्या खाली झालेली असते. अमेरिकेत डॅलसचे प्लास्टिक सर्जन रॉड रोहरिक आणि जोएल पेसा यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांत निळा रंग सोडून पाहिला आणि २००७ साली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. चरबीचा थर सलग असता तर रंग सगळीकडे पसरला असता. तो ठरावीक हद्दीत अडत गेला. चेहऱ्यातली चरबी वेगवेगळ्या कप्प्यांत असते, हे त्यातून स्पष्ट दिसलं. वयानुसार यांतले काही कप्पे आटतात, काही खाली सरकतात. भरीला हाडही झिजतं. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबडा बारीक होतो. त्यामुळे नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतची घडी खोल झाली की दोष घडीचाच असतो असं नाही. वरच्या गालाचा आधार गेलेला असतो. जाणकार डॉक्टर आधी तो आधार तपासतो. थेट घडीतच सिरिंज रिकामी करणाऱ्याने चेहरा नीट पाहिलेला नाही, असं मी म्हणेन.

आज सर्वाधिक वापर हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरचा आहे. कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईगुरांच्या डोळ्यांतल्या द्रवातून ते वेगळं केलं. ते आपल्या शरीरातही असतं. सत्तर किलोच्या माणसात साधारण पंधरा ग्रॅम, आणि त्यातलं एक तृतीयांश रोज मोडून नव्याने तयार होतं. म्हणजे मूळ रूपात टोचलं तर ते दोन-चार दिवसही टिकणार नाही. म्हणून जिवाणूंच्या साहाय्याने तयार केलेल्या या ॲसिडच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना जोडतात आणि त्याची जेल बनवतात. ती साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते. ओठांसारख्या सतत हलणाऱ्या जागी कमी. मात्र एमआरआयमध्ये ती काही जणांच्या चेहऱ्यात दोन वर्षांनंतरही आढळली आहे. तेव्हा ‘काही महिन्यांत आपोआप विरघळतं’ हे आश्वासन अर्धवट आहे.

या जेलचा मोठा गुण म्हणजे तिच्यावर उतारा आहे. हायलुरॉनिडेज नावाचं विकर टोचलं की ती विरघळते. आधीच्या पदार्थांना ही सोय नव्हती. व्हिएन्नात रॉबर्ट गेर्झुनी यांनी १८९९ मध्ये पॅराफिन टोचायला सुरुवात केली. पुढे रुग्णांच्या शरीरात कठीण गाठी झाल्या. द्रवरूप सिलिकॉननेही अनेकांचे चेहरे बिघडवले. गाईच्या कोलॅजनला अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली, पण ॲलर्जीच्या भीतीने आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. हा इतिहास पाहता, पहिल्यांदाच फिलर घेणाऱ्याने कायमस्वरूपी फिलरच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चेहरा बदलत राहतो. कायमचं भरलेलं त्याच्याबरोबर बदलत नाही.

फिलर म्हणजे श्रीमंतांची हौस, असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे. भारतात १ एप्रिल २००४ रोजी एचआयव्हीवरचे मोफत औषधोपचार सुरू झाले, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होतं. त्या काळच्या औषधांत स्टॅव्ह्युडिन होतं. त्याने असंख्य जीव वाचवले, पण अनेकांच्या गालांतली चरबी आटवली. प्रकृती सुधारत होती, नोकरी पुन्हा सुरू झाली होती, आणि खोल गेलेले गाल मात्र लपवलेला आजार चारचौघांत उघड करत होते. अमेरिकेत २००४ मध्ये पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडच्या फिलरला पहिली मान्यता मिळाली ती अशाच रुग्णांसाठी. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०१० पासून, गाल असे बसल्यामुळे नैराश्य आलेल्या एचआयव्हीबाधितांचा हा खर्च मान्य केला. ज्याचा चेहरा त्याच्याबद्दल न विचारता बोलू लागतो, त्याला तो परत मिळवून देणं हे औषधोपचाराचंच काम आहे.

आता धोक्याचं. टोचल्यावर सूज येणं, जागा काळीनिळी पडणं नेहमीचं आहे. त्याला आठ-पंधरा दिवस द्यावे लागतात. म्हणून हळदीच्या चार दिवस आधी फिलर घेणं शहाणपणाचं नाही. खरी भीती रक्तवाहिनीची. नाकाच्या बाजूने वर जाणारी धमनी भुवयांच्या आसपास डोळ्याच्या धमनीच्या शाखांना जाऊन मिळते. सुईचं टोक अशा वाहिनीत असताना दट्ट्या जोरात दाबला, तर जेल रक्ताच्या उलट दिशेने मागे ढकलली जाते आणि दाब सुटताच प्रवाहाबरोबर दृष्टिपटलाकडे जाते. दृष्टिपटल रक्ताविना तास-दीड तासाहून जास्त तग धरत नाही. कॅनडातल्या त्वचारोगतज्ज्ञ केटी बेलेझने आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरच्या वैद्यकीय नोंदी चाळून फिलर किंवा चरबी टोचल्यानंतर दृष्टी बाधित झालेले ९८ रुग्ण मोजले. असं क्वचितच घडतं, हे खरं. पण गेलेली दृष्टी बहुतेकांना परत मिळत नाही, हेही तितकंच खरं. सर्वांत जोखमीच्या जागा नाक आणि दोन भुवयांच्या मधला भाग. ‘ऑपरेशनशिवाय धारदार नाक’ अशी जाहिरात दिसली की हे आठवा.

सुईविना, दाबाने जेल आत सोडणारी पेनं ऑनलाइन विकली जातात. ती वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. सुई नाही म्हणजे धोका नाही, हा समज त्यांनी खोडून काढला आहे.

आपल्याकडे डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी फिलर हवा म्हणून येणारे पुष्कळ. तिथे खळगा असून त्याची सावली पडत असेल तर उपयोग होतो. कातडीचा रंगच गडद असेल तर जेलने तो उजळत नाही. उलट ती वरवर टोचली गेली तर निळसर झाक दिसू लागते. आरशासमोर कातडी हलकेच ताणून पाहिल्यावर काळेपणा तसाच राहिला, तर तो बहुधा रंगाचाच असतो. नक्की काय ते डॉक्टरलाच ठरवू द्या.

त्या खुर्चीत बसण्याआधी प्रश्न विचारायला संकोचू नका. टोचणारा त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, हे विचारा. त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते. खोकं तुमच्यासमोर फोडलं जावं. परदेशी माल असेल तर त्यावर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक हवा. बॅच क्रमांकाचं स्टिकर मागून घ्या. हायलुरॉनिडेज याच खोलीत, आत्ता आहे का, हेही विचारा. ‘मागवून घेऊ’ असं उत्तर आलं तर उठून या. गर्भारपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना हा उपचार पुढे ढकला. दाताला पू झाला असेल तर आधी तो बरा होऊ द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि घरी आल्यावर टोचलेली जागा पांढरी पडली, त्यावर जांभळट जाळी उमटली किंवा न सोसणारी कळ येऊ लागली, तर त्याच घटकेला डॉक्टरला फोन करा. दिसायला अंधुक झालं तर फोनची वाटही पाहू नका; स्टिकर हातात घेऊन नेत्रविभाग असलेलं रुग्णालय गाठा. ‘सकाळी बघू’ म्हणून झोपू नका.