पाणी तोडून लघवीचा त्रास जात नाही

द्राक्षांच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या बाया पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून दिंडोरी, निफाडच्या बागांत कामाला येतात. प्रत्येकीजवळ डबा आणि पाण्याची बाटली. संध्याकाळी परतताना डबा रिकामा असतो, बाटली मात्र अर्ध्याहून जास्त भरलेली. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "पाणी प्यायलं की जावं लागतं ताई. आणि जायचं कुठं? समोर सगळी गडीमाणसं." द्राक्षाच्या मांडवाला पाला वर असतो, खालून पार पलीकडच्या बांधापर्यंत सगळं दिसतं. आडोसा म्हणून नाहीच.

नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहणाऱ्या, माझ्या ओळखीतल्या एक शिक्षिकाही पाणी मोजूनच पितात. त्यांच्या शाळेत स्वच्छतागृह आहे. पण वर्गात शिंक आली किंवा मुलांबरोबर मोठ्यांदा हसू आलं की त्यांना थोडी लघवी सुटते, म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवायचा आणि गडद रंगाची साडी नेसायची. बागेतल्या बाईला वारंवार जंतुसंसर्ग, शिक्षिकेला लघवी सुटण्याचा त्रास. दुखणी दोन आहेत, पण दोघींनी उपाय एकच शोधलाय, आणि त्यानं एकही दुखणं जात नाही.

लघवीला आग झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. या शब्दामुळेच पहिला गैरसमज होतो, की अंगात उष्णता झाली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू मूत्रमार्गातून वर चढलेला असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा २०च्या आसपास. जंतूला इतकं थोडं अंतर कापायचं असल्यामुळे बायकांना हा त्रास जास्त होतो. उन्हाचा संबंध एवढाच, की घामावाटे पाणी जातं, लघवी कमी होते आणि जंतूंना आत ठाण मांडायला वेळ मिळतो. धने-जिऱ्याचं पाणी, वाळा, सब्जा जरूर घ्यावा. त्यातलं पाणी कामाला येतं. पण त्यानं जंतू मरत नाहीत. मेडिकलमधून आणलेलं लघवीचं गोड सिरपही आग कमी करतं, संसर्ग मारत नाही.

पाण्याचा गुण मोजलेला आहे. बल्गेरियात वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी-पातळ पदार्थ घेणाऱ्या १४० बायकांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींनी रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर मात्र त्यांनाच विचारावं.)

"स्वच्छता ठेवत नसेल," हे वाक्य मला सगळ्यात जास्त सलतं. आधीच दुखण्यानं बेजार झालेल्या सुनेला ते ऐकवलं जातं आणि ती बिचारी अँटिसेप्टिकनं, सुगंधी वॉशनं अंग धुवत बसते. त्यानं तिथले रक्षण करणारे चांगले जंतूच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे. धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यावा. हा संसर्ग गुप्तरोगही नाही. संबंधांनंतर जंतू आत ढकलले जाऊ शकतात, म्हणून नंतर लघवीला जाऊन यावं. त्यासाठी नवऱ्यावर संशय घेण्याचं किंवा त्यालाही गोळ्या देण्याचं कारण नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर तो वारंवार होणारा संसर्ग समजतात. अशा वेळी मागच्या खेपेची चिठ्ठी दाखवून दोन दिवसांच्या गोळ्या आणणं घातक. ई. कोलाय आपल्याकडे अनेक नेहमीच्या अँटिबायोटिक्सना आता दाद देत नाही. गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर करावं. सुरुवातीची धार सोडून मधली धार डबीत धरायची. नाहीतर अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्यातले जंतू त्यात मिसळतात आणि अहवाल फसवतो. उलट, काहीही तक्रार नसताना नुसत्या अहवालात जंतू दिसले, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असे प्रसंग सोडून सहसा औषध लागत नाही. संसर्ग वारंवार होत असेल, तर रक्तातली साखरही एकदा तपासून घ्यावी.

पाळी गेल्यावर त्रास सुरू झाला, तर कारण बहुधा वेगळं असतं. इस्ट्रोजेन कमी झाल्यानं तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम यावर फार गुणकारी आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, ९३ बायकांवरच्या चाचणीत हे क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. हार्मोन म्हटलं की कॅन्सरची भीती वाटते. पण या क्रीममधलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईनं डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

आता लघवी सुटण्याचं. "दोन बाळंतपणं झाली, वय झालं, चालायचंच" असं म्हणून बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढतात. खोकताना, हसताना, हंडा उचलताना सुटते, तेव्हा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. अचानक कळ येऊन संडासाच्या दारापर्यंतही धरवत नाही, तेव्हा मूत्राशयच अवेळी आकसत असतो. काहींना दोन्ही असतं. सिझेरियन झालं म्हणून यातून पूर्ण सुटका नाही, कारण नऊ महिन्यांचा भार त्या स्नायूंनी पेललेलाच असतो.

पहिल्या प्रकाराला व्यायाम आहे. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी तो १९४८ साली मांडला. चारचौघांत वायू रोखून धरताना जे स्नायू आत ओढले जातात, तेच आवळायचे. पोट, मांड्या, ढुंगण सैल; श्वास चालू. आठ आकडे मोजेपर्यंत धरायचं, सुरुवातीला तीनच जमले तरी चालेल, मग तितकाच वेळ सैल सोडायचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना धार मध्येच थांबवण्याचा सराव मात्र करू नये. त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही. अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात या प्रकारच्या त्रासात व्यायाम करणाऱ्या १०० पैकी ५६ जणींनी बरं झाल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांपैकी फक्त ६ जणींनी. दुसऱ्या प्रकारात लघवीच्या दोन खेपांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू वाढवत नेतात, गोळ्याही आहेत. पाणी तोडलं तर गडद, तीव्र लघवी मूत्राशयाला चाळवते आणि कळ उलट लवकर येते.

"पिशवी काढून टाका, सगळं थांबेल," हा सल्ला तर फारच महागात पडतो. आपण गर्भाशयालाही पिशवी म्हणतो आणि मूत्राशयालाही. लघवीचं दुखणं एका पिशवीचं, कापली जाते दुसरी. गर्भाशय काढल्यानं संसर्ग थांबत नाही आणि पुढे लघवी सुटण्याचा धोका वाढू शकतो. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं यांसारख्या तक्रारींवरून पिशव्या कशा काढल्या गेल्या, हे बीडमध्ये दिसलं. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, किंवा गरोदरपणात आग झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्या शिक्षिका अखेर डॉक्टरांकडे गेल्या. त्यांना आधी वही दिली गेली: तीन दिवस काय प्यायलं, कधी लघवीला गेल्या, कधी सुटली, सगळं लिहायचं. पानावर रोज सहा कप चहा निघाला आणि पाणी जेमतेम तीन पेले. चहा दोन कपांवर आला, पाणी वाढलं, व्यायाम सुरू झाला. आता शाळेच्या बसथांब्यावर उभ्या असताना त्या मनातल्या मनात आठपर्यंत मोजतात. शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही ते कळत नाही.