मध्यम लहरींचे शास्त्र : नागपूरचा आवाज यवतमाळपर्यंत

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याचे मध्यम लहरींवरील, म्हणजे मिडियम वेव्हवरील, प्रसारण ५८५ किलोहर्ट्झ या कंप्रतेवर यवतमाळ जिल्ह्यात ऐकले गेले. या प्रसारणाचा पाया असलेले तंत्र म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन, अर्थात लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, आवाजाच्या चढउताराप्रमाणे कमी-जास्त करणे.

आवाजाचेच विद्युत संकेत थेट आकाशात का सोडता येत नाहीत, याचे उत्तर अँटेनाच्या लांबीत आहे. चांगल्या उत्सर्जनासाठी अँटेना साधारणतः तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असावी लागते. सेकंदाला १,००० कंपने असलेल्या सुराची रेडिओ लहर केली, तर तिची लांबी ३०० किलोमीटर भरते आणि तिच्यासाठी ७५ किलोमीटरचा, म्हणजे नागपूर-यवतमाळ या हवाई अंतराच्या निम्म्याहून उंच, मनोरा उभारावा लागेल. ५८५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र सुमारे ५१३ मीटर असल्याने तिला १२८ मीटरच्या आसपासचा मनोरा पुरतो. म्हणून ही वेगवान लहर वाहक म्हणून वापरली जाते आणि मायक्रोफोनमधून आलेला संकेत तिच्या आयामावर चढवला जातो.

हे करताना वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना नव्या कंप्रता निर्माण होतात. ४ किलोहर्ट्झचा सूर असेल, तर ५८१ आणि ५८९ किलोहर्ट्झवर. त्यांना पार्श्वपट्ट म्हणतात आणि खरा आशय त्यांच्यातच असतो. आपल्याकडे शेजारच्या दोन केंद्रांसाठीच्या कंप्रतांत ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले असल्याने आवाजातील अतिउंच सूर छाटावे लागतात, आणि मिडियम वेव्हवरील संगीत काहीसे दबलेले वाटते ते यामुळे.

या पद्धतीत शक्तीचा मोठा अपव्यय होतो, हे मान्य करावेच लागेल. ३०० किलोवॅटच्या वाहक लहरीवर एका सुराने शंभर टक्के मॉड्युलेशन केले, तर एकूण ४५० किलोवॅट उत्सर्जित होतात, पण त्यांतील दोन तृतीयांश भाग आशयहीन वाहकाचाच असतो. तरीही हा खर्च सार्थ ठरतो, कारण वाहक सोबत असल्यानेच संचातील एक डायोड लहरीचा अर्धा भाग कापून आणि एक संधारित्र तिची बाह्यरेषा राखून मूळ आवाज वेगळा काढू शकतो. प्रक्षेपण केंद्राने सोसलेल्या भारामुळे श्रोत्याचा संच साधा आणि स्वस्त राहिला. कापसाच्या शेतापर्यंत कृषिवार्ता नेणाऱ्या माध्यमासाठी ही विभागणी न्याय्यच म्हटली पाहिजे.

दिवसा ही लहर जमिनीलगत प्रवास करते आणि ओलसर काळी माती खडकापेक्षा चांगली वाहक असल्याने अशा जमिनीवरून ती कमी क्षीण होत जाते. रात्री आयनांबरातील लहर शोषणारा खालचा थर विरतो, वरच्या थरांवरून लहरी परततात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. १९८८ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीने नागपूरच्या १,००० किलोवॅट प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर, याच गुणाचा लाभ घेतला.

पावसाळ्यातील खरखर हा मात्र पद्धतीतच असलेला दोष आहे, कारण वीजही लहरीच्या आयामातच भर घालते आणि संचाला ती व निवेदकाचा आवाज यांत फरक करता येत नाही. एफएममध्ये कंप्रता बदलते, त्यामुळे आवाज निर्मळ येतो. पण त्या लहरी बव्हंशी दृष्टिरेषेत जातात आणि पुसद-उमरखेडकडील डोंगररांगांमागे त्या दुबळ्या होतात. म्हणूनच मोठे क्षेत्र एकाच मनोऱ्याने व्यापायचे असेल, तेथे मध्यम लहरींना एफएम हा पूर्ण पर्याय ठरत नाही.