मानवंदना नावाला असते, आकड्याला नव्हे

नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात दरवर्षी २८ सप्टेंबरला युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते. हा तोफखान्याचा वर्धापनदिन. १८२७ साली याच तारखेला मुंबई इलाख्याच्या लष्करात जी तोफांची तुकडी उभी राहिली, तिच्यापासून भारतीय तोफखाना आपली परंपरा मोजतो. अशी मानवंदना मी प्रथम पाहिली ती आमच्या नात्यातल्या एका निवृत्त हवालदारांबरोबर. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. स्मारकाच्या चार कोपऱ्यांवर चार जवान पाठमोरे उभे होते. हुकूम सुटला, ‘शोक शस्त्र!’ आणि चौघांच्या रायफली सावकाश उलट्या झाल्या. नळीचे तोंड बुटाच्या टोकावर, दस्त्यावर दोन्ही तळवे, आणि माना खाली. मी हळूच विचारले, “मामा, बंदूक उलटी का धरली?” मामा म्हणाले, “मेलेल्यापुढं शस्त्र खाली असतं. तिथं वैर संपलं.”

या विधीचा प्रत्येक भाग अर्थपूर्ण आहे. बिगुलावर प्रथम जी धून वाजते तिला ‘लास्ट पोस्ट’ म्हणतात. छावणीत रात्रीच्या शेवटच्या चौकीची तपासणी पुरी झाली, दिवस संपला, हे सांगणारी ती रोजची धून. सैनिकाच्या मृत्यूनंतर ती वाजते तेव्हा तिचा अर्थ एवढाच, की गड्या, तुझा पहारा संपला. मग दोन मिनिटे शांतता. त्यानंतर ‘राऊज’, म्हणजे पहाटे उठवणारी धून. ती वाजली की माना वर होतात आणि जिवंत माणसे पुन्हा आपल्या कामाला लागतात. या साऱ्या विधीत पुरोहित नाही, सोवळे नाही, जात विचारणारा कोणी नाही. ज्या नाशकात काळाराम मंदिराच्या दारासाठी आपल्या लोकांनी २ मार्च १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह केला, लाठ्या खाल्ल्या, त्याच नाशकाच्या वेशीवरच्या छावणीतला हा विधी पाहताना माझ्या मनात जे आले ते वाचकांना वेगळे सांगावयास नको.

परंतु केवळ भारावून जाणे आपल्याला परवडणारे नाही. मानवंदना कोणाला दिली जाते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर सोपे आहे: ज्याचे नाव दगडावर आहे त्याला. ज्याचे नाव नाही, त्याच्यापुढे बिगुल वाजला तरी तो कोणासाठी वाजला हे कोण सांगणार?

देवळालीचेच उदाहरण घ्या. इंग्रजांच्या काळात येथे गोऱ्या सैनिकांचा मोठा तळ होता. विलायतेहून आलेली पलटण येथे उतरे आणि परत जाणारी पलटण जहाजाची वाट पाहत येथेच थांबे. कित्येक गोरे शिपाई येथल्या सरकारी दफनभूमीत पुरले गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या ज्या गोऱ्या सैनिकांच्या कबरी ठिकठिकाणी राखणे पुढे शक्य झाले नाही, अशा १८०० हून अधिक जणांची नावे पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानातील स्मारकावर कोरली आहेत. कबर राखता आली नाही तरी नाव राखले गेले.

आता त्याच युद्धातल्या आपल्या माणसाकडे वळू. आमच्या घरात आजोबांच्या धाकट्या भावाविषयी एकच वाक्य उरले आहे: ‘तो लामावर गेला, बसऱ्याला.’ कोणत्या पलटणीतून गेला, शिपाई होता की ओझी वाहणारा, कोणास ठाऊक नाही. माझी आजी हे वाक्य म्हणायची आणि पुढे गप्प व्हायची. बसऱ्याला १९२९ साली उभारलेल्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचे तेथे नाव आहे. हिंदी अधिकाऱ्याचे नाव आहे. पण साध्या हिंदी शिपायाच्या जागी त्या भिंतीवर पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. अमुक पलटणीचे इतके जण, बस्स.

युद्धात मेलेल्यांची स्मृती राखण्यासाठी १९१७ साली जो आयोग स्थापन झाला, त्याचे तत्त्व तर असे होते की हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाची स्मृती सारखीच आणि नावानिशी राखावी. शंभर वर्षांनी, २०२१ साली, त्याच आयोगाने आपल्या अहवालात मान्य केले की ४५ हजार ते ५४ हजार मृतांची स्मृती असमान रीतीने राखली गेली. ते मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्ती होते. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही. म्हणजे मेल्यावर सारे समान, हे वाक्यसुद्धा खरे नव्हते. वर्णभेद स्मशानापर्यंत पोचतो हे आपल्याला गावकुसाबाहेर राहून ठाऊक होतेच. साम्राज्यानेही तेच केले.

हा आकड्यांचा न्याय आपल्या खेड्यांतही पाहावयास मिळतो. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पुढे काही नाही. कोण गेले, कोणत्या आळीतले, त्यांत महारवाड्यातले किती, पाटी बोलत नाही.

या पार्श्वभूमीवर कोरेगाव भीमाचा स्तंभ पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने १८२१ साली त्याची पायाभरणी केली. त्यावर पडलेल्या साध्या शिपायांची नावे आहेत, आणि त्यांतली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महारांची. ज्या समाजाला गावात पुरे नावसुद्धा मिळत नव्हते, ज्याच्या म्हाताऱ्याला पाटलाचे पोर अर्ध्या नावाने हाक मारी, त्या समाजाची बापाच्या नावासकट पुरी नावे दगडावर. काही विचारवंत म्हणतात, ते शिपाई परक्यांसाठी लढले, त्यांचा अभिमान कसला? मी म्हणतो, आम्ही कंपनीला सलामी देत नाही. ती नावे म्हणजे पुरावा आहे. या पुराव्याने सिद्ध होते ते इतकेच, की जन्माने हीन ठरवलेला माणूस संधी मिळताच कोणाच्याही बरोबरीने उभा राहिला.

आणि ज्यांनी नावे कोरली त्यांनीच पुढे दार लावले हेही विसरता येत नाही. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा नवा वर्णाश्रम साहेबाने रचला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी लढा चालवला. पलटणीतले सक्तीचे शिक्षण हीच या समाजातल्या पहिल्या साक्षर पिढीची शाळा होती. सुभेदार रामजींच्या घरात बाबासाहेब घडले ते त्या शिक्षणाच्या आधाराने. म्हणून भरतीबंदी हा केवळ भाकरीवर नव्हे, तर अक्षरावर घाला होता. १९१७ साली गरज पडताच १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली ती मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले ते या विश्वासघाताचा हिशेब मांडण्यासाठी. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांचे जवान आहेत. तिचे परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत पडले. महार हे नाव सगळ्या जातींच्या माणसांनी अभिमानाने खांद्यावर वागवावे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात स्वातंत्र्यानंतर पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत, प्रत्येकाची वेगळी वीट. संध्याकाळी तेथे एखाद्या हुतात्म्याच्या घरचे माणूस पुष्पचक्र वाहते. साम्राज्याने जे नाकारले ते प्रजासत्ताकाने दिले, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

तरीही विटेवरच्या नावाला जी समता मिळाली ती त्याच्या गावच्या घराला मिळाली काय? २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षे झाली त्याच दिवशी, कोरेगावला मानवंदनेसाठी निघालेल्या लोकांवर दगड पडले. छावणीच्या फाटकाच्या आत माणसे माना खाली घालतात, फाटकाबाहेर मान वर केलेली खपत नाही.

मामा आता नाहीत. पण त्या दिवशी परतताना त्यांनी जे सांगितले ते मला काम म्हणून उरले आहे. ते म्हणाले, “आपल्यातले किती गेले त्याची यादी कोणी केली नाही. तू शिकलास, तू कर.” मी आमच्या तालुक्यातल्या वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्यांना विचारतो, जुनी पेन्शनपुस्तके, पितळी पदके, पत्र्याच्या पेटीतले कागद पाहतो. प्रत्येक विहारात, समाजमंदिरात एक साधी पाटी लागावी आणि तिच्यावर नावे असावीत, आकडे नव्हे. माझ्या वहीत आजोबांच्या भावाचे पान अजून कोरे आहे. त्या पानावर मी सध्या एवढेच लिहून ठेवले आहे: बसऱ्याला गेला, नाव शोधायचे आहे.